पिशवीभर पाचरी

मला कुणी ‘एच. आर.वाल्या बाई’ म्हटलं की माझं टाळकं फिरतं. मी कामगार कल्याण अधिकारी होते. सातपूरच्या एका इंजिनिअरिंग कारखान्यात लागले तेव्हाही तेच आणि निवृत्त झाले तेव्हाही तेच. मधे एकदा पर्सोनेल मॅनेजरची खुर्ची अगदी माझ्यासमोर आणून ठेवली होती, आणि तशीच उचलून दुसऱ्याला दिली. का, ते पुढे येईलच. हे रडगाणं नाही, आधीच सांगते. आज कुणी मला पुन्हा त्या जागी नेऊन उभं केलं तर मी पुन्हा तेच करीन आणि जरा जास्त मोठ्या आवाजात करीन.

लिहायला बसले ते माझ्या भाचीमुळे. ती एका मोठ्या कंपनीत माणसं सांभाळायच्या खात्यात आहे. परवा गंगापूर रोडला माझ्याकडे जेवायला आली आणि पोळीला हात लावायच्या आधी सुरू झाली, “मावशी, आमच्यापुढची आव्हानं तुला नाही कळायची. माणसं टिकत नाहीत. रोज सकाळी आम्ही मोबाइलवर विचारतो, आज कसं वाटतंय? माणूस हसरा चेहरा दाबतो आणि दुपारी राजीनामा पाठवतो.”

मी म्हटलं, “आणि तुझा साहेब काय म्हणतो?”

“तो म्हणतो, तू जरा त्यांच्याशी बोल. समजूत घाल.”

घ्या! म्हणजे काहीसुद्धा बदललेलं नाही. या धंद्यातला सगळ्यात जुना हुकूम हाच, ‘समजूत घाला’. आणि तो कायम एकाच दिशेला सुटतो, वरून खाली. साहेबांची समजूत घाला असं मला उभ्या नोकरीत एकदाही कुणी सांगितलं नाही. जो दुबळा असेल, एकटा असेल, त्याच्याकडे मला पाठवायचे. बाई गोड बोलतात, बाईंचं ऐकतील.

मी गोड बोलते असं ज्यांना वाटायचं, त्यांची मला गंमत वाटते.

बाहेरच्या माणसाला कळावं म्हणून माझं काम काय ते सांगते. ठरावीक संख्येच्या वर कामगार असले की कारखान्याला असा अधिकारी नेमावाच लागतो, म्हणून त्यांनी मला नेमलं, हौसेनं नाही. कँटीनच्या वरणात डाळ आहे का ते बघायचं. पाळणाघरातली बाई आली नाही की पोरं सांभाळायची. बूट चावतात म्हणून चपला घालून मशीनवर येणाऱ्यांशी भांडायचं. नवऱ्यानं दुसरी केली म्हणून गेटवर येऊन बसलेल्या बाईला आत घ्यायचं, पाणी द्यायचं, आणि नवऱ्याला बोलावून त्याची पूजा बांधायची. नियमात एक गोष्ट मात्र स्पष्ट होती, कल्याण अधिकाऱ्यानं कामगारावरच्या कारवाईत पडायचं नाही. ती ओळ मी पाठ केली होती. साहेब लोकांनी नियम वाचलेले नसत, त्यामुळे मला बरं पडायचं.

सुरगाण्याकडचा एक कामगार होता. तो ऐन कामाच्या धामधुमीत रजा मागायला आला. कारण विचारलं तर म्हणाला, गावात बोहाड्याचा उत्सव आहे, आमच्या घराकडे सोंग आहे, मुखवटा घालून मीच नाचतो, मी नाही गेलो तर ते सोंग त्या वर्षी उभंच राहत नाही. आमचे आहेर फोरमन खो खो हसले. “बाई, आता नाचायला पण रजा द्या तुम्ही!” मी म्हटलं, “तुमच्या मेहुण्याच्या लग्नात तुम्ही चार दिवस काय करत होता?” रजा दिली. गडी सांगितलेल्या दिवशी सकाळी हजर झाला, कानामागे रंग तसाच. तेव्हापासून आहेर मला ‘सोंगांची बाई’ म्हणायचे. म्हणोत बापडे.

आता मुख्य गोष्ट. ती खंडेनवमीची आहे.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी हत्यारांची पूजा करायची, हे आपल्याकडे घरोघर असतं. कारखान्यात त्याला सणाचं रूप येतं. त्या दिवशी मशीनं धुऊन पुसून लख्ख करायची, हळद-कुंकू लावायचं, झेंडूची माळ घालायची, नारळ फोडायचा आणि बटण बंद करून घरी जायचं. वर्षभर तेलात बरबटलेला प्रेस शॉप, म्हणजे पत्रा दाबून भाग काढणाऱ्या मशीनांचं खातं, त्या दिवशी नवरीसारखा नटलेला असायचा. मला तो दिवस फार आवडायचा.

प्रेस शॉपमध्ये मधुकर साळवे नावाचा ऑपरेटर होता. काही वर्षं तात्पुरता राहून नुकताच कायम झालेला, उंच, मितभाषी. सातपूरच्याच एका वस्तीत राहायचा. घर बौद्ध. खंडेनवमीला तो आपला प्रेस सगळ्यांपेक्षा स्वच्छ पुसायचा, तेल द्यायचा, चिंध्या गोळा करून टाकायचा, पण कुंकू आणि फूल लावायचा नाही. ते कधी कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. कारण त्याच प्रेसवर दुपारपाळीला निवृत्ती असायचा. गिरणाऱ्याकडचा शेतकरी गडी, सायकलवर यायचा, गावात भजनाला ढोलकी वाजवायचा. निवृत्ती दुपारी आला की दोघांच्या वतीनं कुंकू लावून टाकायचा. ना ह्यानं काही विचारलं, ना त्यानं काही सांगितलं. सुखात चाललं होतं.

त्या वर्षी आमच्या वर्क्स मॅनेजरना, म्हणजे सबनीस साहेबांना, हुक्की आली. सगळ्या कारखान्याची पूजा एकत्र, सकाळपाळीत, फोटोग्राफर बोलावून. हेड ऑफिसला फोटो पाठवायचे होते. पूजा उरकली, पेढे वाटले, दुपारपाळीला सुट्टी देऊन टाकली. निवृत्ती आलाच नाही. मधुकरचा प्रेस स्वच्छ, चकचकीत आणि कोरा राहिला.

दसऱ्याची सुट्टी झाली. कारखाना उघडला आणि त्याच दुपारी त्याच प्रेसखाली निवृत्तीच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली.

मी त्याच्याबरोबर गाडीतून दवाखान्यात गेले. त्या वाटेचं मी काही लिहिणार नाही. परत आले तोवर शॉपमध्ये निकाल लागलेला होता. ‘साळवेनं मशीनला कुंकू लावलं नाही, मशीननं बळी घेतला.’ सगळ्यांच्या तोंडी हेच. दुसऱ्या दिवशी त्या प्रेसला कुणी हात लावेना. मधुकर स्वतः चालवायला तयार होता, तर बाजूचे म्हणाले, तो त्या मशीनवर उभा राहिला तर आम्ही आमच्या मशीनवर उभे राहणार नाही. ज्यांच्याबरोबर तो रोज डबा खायचा, त्यांनी कँटीनमध्ये त्याच्या टेबलावर बसायचं सोडलं. कँटीन माझं. ते रिकामं टेबल मला रोज दिसायचं आणि माझा संताप संताप व्हायचा. बळी मशीननं घेतला म्हणे! मशीनला जात कळते का?

सबनीस साहेबांनी मला बोलावलं. आहेर फोरमन तिथंच उभे होते.

“बाई, हा विषय लांबायला नको,” साहेब म्हणाले. “फॅक्टरी इन्स्पेक्टर येतील. त्यांच्यासमोर शॉप सुरळीत चालू दिसला पाहिजे. तुम्ही साळवेची समजूत घाला. सगळ्यांसमोर चुकलं म्हणायचं आणि एक नारळ फोडायचा. त्याचं काय जातंय?”

“आणि नाही फोडला तर?”

“तर त्याला भंगाराच्या यार्डात पाठवावं लागेल. तिथंही तक्रारी आल्या तर चार्जशीट. शॉपची शांतता बिघडवली म्हणून.”

“चार्जशीटमध्ये मला पडता येत नाही साहेब. नियम आहे.”

“तुम्ही फक्त समजूत घाला. आणि हो,” साहेबांचा चेहरा खुलला, “तुमचे वडील पंचवटीत उपाध्ये आहेत ना? त्यांनाच बोलवा की. वास्तुशांत करतात तशी मशीनची छोटीशी शांत करून घेऊ. यजमान म्हणून मी बसतो. शेजारी साळवे. घरचंच काम!”

युनियनच्या सेक्रेटरीकडे गेले, तर तेही मान हलवायला लागले. म्हणाले, “तत्त्वाची गोष्ट बरोबर आहे बाई, पण बहुसंख्य कामगारांच्या भावना आहेत. नारळानं मिटत असेल तर मिटवा.” एरवी मॅनेजमेंट पूर्व म्हणाली की हे पश्चिम म्हणायचे. नारळावर मात्र दोघांचं एकमत!

मी मधुकरकडे गेले. तो प्रेस शॉपच्या दाराशी उभा होता, कारण आत त्याला काम नव्हतं.

“बाई, तुम्हाला कशाला पाठवलंय ते मला माहीत आहे,” तो म्हणाला. “मशीन मी पुसलं. रोज पुसतो. कुणाच्या पूजेला मी कधी नावं ठेवली नाहीत. पण माझ्या बापानं दीक्षा घेतली तेव्हा मी त्याच्या कडेवर होतो. घरातले देव त्यानं स्वतःच्या हातानं गोदेत सोडले. रस्ते झाडून त्यानं मला आय.टी.आय. केलं. त्याला आता काय जाऊन सांगू? नोकरीसाठी परत नारळ फोडला म्हणून?”

समजूत घालायची वाक्यं मला शेकड्यानं येतात. त्यातलं एकही माझ्या तोंडून निघेना. मी म्हटलं, “नको फोडू.”

“बाई, मग माझी नोकरी?”

मी सरळ दवाखान्यात गेले.

निवृत्ती उशीला टेकून बसला होता, हात बांधलेला. बायको पायाशी. मला बघून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. “बाई, दरसाली मीच लावायचो कुकू. मधूला कधी बोललो नाय. त्याचं त्याला, माझं मला. यंदा सकाळीच उरकलं समदं, माझं लावायचं राह्यलं. मशीन कोपलं का वो?”

बघा! ज्याची बोटं गेली तो बिचारा स्वतःलाच दोष देत होता.

मी म्हटलं, “निवृत्ती, मशीन कोपत बिपत नाही. मला एक सांग. त्या प्रेसला दोन बटणं आहेत. डाव्या हाताला एक, उजव्या हाताला एक. दोन्ही एकदम दाबल्याशिवाय प्रेस खाली येत नाही. म्हणजे प्रेस खाली येताना तुझे दोन्ही हात बटणांवर पाहिजेत. मग हात आत होताच कसा?”

ही दोन बटणं हीच तर त्या मशीनची सगळी सुरक्षा. हात बाहेर अडकून राहावेत म्हणूनच ती दोन केलेली. तसं भिंतीवर चित्रही मीच लावलं होतं.

निवृत्तीनं बायकोला चहा आणायला पिटाळलं. मग खाली बघत म्हणाला, “पाचर व्हती बाई.”

“कसली पाचर?”

“लाकडाची. उजव्या बटणाच्या कडंला मारली की बटण दाबलेलंच राहतं. मंग एक हात मोकळा. एका हातानं माल सरकवायचा, दुसऱ्यानं बटण दाबायचं. लय भरभर व्हतं. समदेच करत्यात. नाय केलं तर पाळीला ठरवलेल्या नगांचा आकडा व्हत नाय, आन आकडा नाय झाला तर फोरमन बोलत्यात. त्या दिवशी माल तिरका बसला, म्हणून मोकळ्या हातानं सरळ कराया गेलो.” मग एकदम घाबरला. “बाई, कुणाला सांगू नका. मीच पाचर मारली म्हणून काढून टाकतील मला. आता ह्या हातानं दुसरीकडं कोण घेईल?”

मी शब्द दिला. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मात्र हिशेब मांडायला लागले. खरं सांगितलं तर मधुकर सुटतो आणि निवृत्ती अडकतो. गप्प बसले तर निवृत्ती वाचतो आणि मधुकर यार्डात जातो. दोघंही माझीच माणसं. आणि ज्यांनी पाचरीकडे डोळेझाक करून आकडा मागितला, ते दोन्हीकडून मोकळे! व्वा!

घरी आले. आमचे नाना, म्हणजे वडील, रामकुंडावरून यजमान आटोपून आले होते आणि झोपाळ्यावर बसून शेंगदाणे खात होते. मी साहेबांचा निरोप सांगितला. वाटलं, भडकतील. ते म्हणाले, “करू की शांत. मशीनची तर मशीनची. यजमानाची श्रद्धा. पण संकल्पात काय म्हणू?”

पूजेच्या सुरुवातीला यजमानाच्या हातावर पाणी घालून संकल्प सांगतात हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. कोण बसलंय, कुठं, कुठल्या दिवशी आणि कशासाठी, हे उच्चारायचं आणि मग पाणी सोडायचं.

“म्हणा ना, साळवेनं कुंकू लावलं नाही म्हणून,” मी चिडून म्हटलं.

“असा दोष माझ्या तरी पाहण्यात नाही,” नाना म्हणाले. “आणि दोष साळव्याचा, तर यजमान सबनीस कसे? ज्याच्या हातून घडलं त्यानं बसायचं असतं. ते खरं काय घडलं ते विचारून ये. संकल्पात खोटं चालत नाही.”

मी त्यांच्याकडे बघितलं. शेंगदाण्याचं टरफल फुंकत होते. मी म्हटलं, “नाना, तुम्हीच विचारा. सगळ्यांसमोर.”

त्यांनी चष्मा वर सरकवला. “बरं,” म्हणाले.

शांतीचा दिवस ठरला, जेवणाच्या सुट्टीनंतर. निवृत्तीला दवाखान्यातून सोडलं होतं. युनियनवाल्यांनी त्याला तीर्थप्रसादाला म्हणून गाडीत घालून आणलं. त्या दिवशी मी कँटीनमध्ये शिरा करायला सांगितला. साजूक तुपातला, बेदाणे घालून. शिरा असला की कुणी जागेवर डबा खात नाही, अख्खा शॉप कँटीनला येतो. आला. मी घरची कापडी पिशवी घेतली आणि रिकाम्या प्रेस शॉपमध्ये शिरले.

पहिल्याच प्रेसला पाचर! सागवानाचा गुळगुळीत तुकडा, बटणाच्या कडेला असा चपखल बसलेला की बघणाऱ्याला मशीनचाच भाग वाटावा. नखानं उचकटला. बटण टक्कन वर आलं. दुसऱ्या प्रेसला पाचर. तिसऱ्याला. निवृत्तीची बोटं जाऊन इतके दिवस झाले, शॉपभर कुंकवाची चर्चा, आणि ही मंडळी रोज त्याच पाचरी मारून त्याच प्रेसखाली हात घालत होती! मला ओरडावंसं वाटलं. एकेक उपटत गेले. ज्या प्रेसवरून एवढं रामायण चाललं होतं, त्या एकाच प्रेसला पाचर नव्हती.

सुट्टी संपली. सगळे त्या प्रेसभोवती जमले. नानांनी पाट मांडले, ताम्हन, पळी, सुपाऱ्या, सगळं लावलं. सबनीस साहेब डोक्याला रुमाल बांधून पाटावर बसले. शेजारचा पाट रिकामा. मधुकर मागे उभा, हात मागे बांधून.

“साळवे, बस,” आहेर म्हणाले.

“मी उभाच बरा आहे,” मधुकर म्हणाला.

कुजबुज सुरू झाली. नानांनी ती ऐकूच न आल्यासारखं साहेबांच्या तळहातावर पाणी घातलं आणि मंत्र सुरू केले. तिथी झाली, वार झाला, गाव झालं, यजमानाचं नाव झालं. आणि थांबले.

“यजमान, कारण सांगा.”

“अं? सगळ्यांच्या कल्याणासाठी म्हणा ना,” साहेब म्हणाले.

“ते शेवटी येतंच. शांत कशाची? काय घडलं आणि कशामुळे?”

“अहो, पूजा चुकली ना इथं,” आहेर मधे पडले. “साळवेकडून.”

“मग यजमान ते की तुम्ही की हे?” नानांनी अगदी साधेपणानं विचारलं.

साहेबांच्या ओंजळीतून पाणी ठिबकत होतं. त्यांनी माझ्याकडे डोळे वटारले. मी पुढे झाले आणि पिशवी रिकाम्या पाटावर उलटी केली.

लाकडावर लाकूड पडल्याचा तो आवाज! सगळ्यांच्या ओळखीच्या त्या पाचरी, तेलानं काळ्या पडलेल्या, पाटावरून घरंगळून साहेबांच्या मांडीपर्यंत गेल्या.

“नाना, हे कारण,” मी म्हटलं. “आत्ता जेवणाच्या सुट्टीत काढल्या. हा एक सोडून शॉपमधल्या एकूण एक प्रेसच्या. कुणाची कुठली ते मी बघितलं नाही आणि मला कुणी विचारायचंही नाही. एकाची असती तर एकाची चूक म्हटली असती. बाकी सगळ्याच मशीनांना आहे, म्हणजे ही या शॉपची रीत आहे. आणि ज्या मशीनांना कुंकू लागलंय, त्यांनाही आहे!”

मग मागून आवाज आला, “माझी नाय त्यात.”

निवृत्ती होता. बांधलेला हात छातीशी धरून पुढे आला. मी त्याला डोळ्यांनी खुणावलं, बोलू नको म्हणून. तो ऐकतो कसला! मधुकरच्या शेजारी जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, “माझी पाचर ह्या मशीनला व्हती. मला गाडीत घालत व्हते तवाच फोरमनसायबांनी काढून खिशात टाकली. म्या पाह्यली. मधूचा काय संबंध नाय. माझ्या हातानं मारली व्हती, आकडा व्हईना म्हणून.”

सगळ्यांच्या नजरा आहेरांवर. आहेर लालबुंद झाले. वाईट माणूस नव्हता तो, हे आज मी म्हणू शकते. त्या क्षणी मात्र तो उसळला आणि जे बोलला ते त्याच्याही मनात कधीपासून साचलेलं असणार. “मग मी काय करू? मला रोज सकाळी साहेब आकडा सांगतात! दोन हातांनी तो आकडा होत नाही हे मी तीनदा सांगितलं. साहेब म्हणाले, कसा करायचा ते तुम्ही बघा. बघितलं मी!”

नानांनी वाकून साहेबांच्या तळहाताकडे पाहिलं. “यजमान, पाणी गळून गेलं. पुन्हा घालू?”

सबनीस साहेब उठले. डोक्याचा रुमाल काढला, पाटावरच्या पाचरी चुकवत पाय टाकला आणि ऑफिसकडे निघून गेले.

नानांनी सामान आवरलं. दक्षिणेचं पाकीट परत माझ्या हातात दिलं, शांत झालीच नाही म्हणाले. सातपूरहून पंचवटीला जाणाऱ्या बसमध्ये त्यांनी दोघांची तिकिटं काढली. मग विचारलं, “तुझी नोकरी गेली का गं?”

“अजून नाही.”

“मग उद्या डबा लागेल,” म्हणाले.

नोकरी गेली नाही. नियमानं नेमलेली होते, आणि त्या आठवड्यात इन्स्पेक्टर यायचे होते. अशा वेळी मला काढणं साहेबांना परवडणारं नव्हतं. मधुकर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच प्रेसवर उभा राहिला आणि बाजूचे निमूटपणे आपापल्या मशीनवर राहिले. माफी कुणी मागितली नाही. तशी ती आपल्याकडे मागत नाहीत. दुपारी त्याच्या टेबलावर एकानं आपला डबा आणून ठेवला आणि ठेचा पुढे सरकवला, एवढंच. आकड्यासाठी मात्र महिनोन् महिने भांडावं लागलं. त्यात आहेर माझ्या बाजूनं बोलले, हे मुद्दाम लिहिते. दोन हातांनी जेवढा होतो तेवढाच आकडा, हे शेवटी मान्य झालं.

निवृत्तीला टूल स्टोअरमध्ये घेतलं. त्याची ढोलकी सुटली. भजनाला बसतो, टाळ वाजवतो, असं सांगायचा, आणि ते ऐकताना मी दर वेळी रजिस्टरात डोकं घालायचे. तेवढं एक माझ्या हातात नव्हतं आणि त्याचं दुःख गेलेलं नाही. खुर्चीचं म्हणाल तर पर्सोनेल मॅनेजर म्हणून बाहेरून एक टायवाले गृहस्थ आले. समजूत छान घालायचे.

भाचीला मी हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, “मावशी, पण तू प्रोसेस मोडलीस.” मी म्हटलं, “हो, मोडली. तुला कुणी एकट्या माणसाची समजूत घालायला पाठवलं ना, की आधी त्याच्या मशीनकडे बघ. आजूबाजूच्यांच्याही बघ. आणि मग समजूत घालायला जिना चढून वर जा.”

पुढच्या वर्षीची खंडेनवमी सांगते आणि थांबते. पुन्हा पाळीपाळीनं पूजा सुरू झाली होती. निवृत्ती टूल स्टोअरमधून डाव्या हातात तबक घेऊन आला. मधुकरनं प्रेस पुसून ठेवला होता. इतकी वर्षं निवृत्तीनं न विचारता कुंकू लावलं होतं. त्या दिवशी त्यानं विचारलं, “मधू, लावू का?”

“लाव ना. तुझंही मशीन आहे,” मधुकर म्हणाला.

निवृत्तीनं तबक खाली ठेवलं. आधी डावं बटण दाबून सोडलं. वर आलं. मग उरलेल्या बोटांनी उजवं दाबून सोडलं. तेही वर आलं. मग कुंकू लावलं. शेजारच्या ऑपरेटरनं ते पाहिलं आणि आपल्या मशीनवर तसंच केलं. मग त्याच्या पुढच्यानं. अख्ख्या शॉपमधून टक् टक् आवाज येत गेला.

सबनीस साहेब दारात उभे होते. “हे काय नवीन? पूजेत बटणं दाबायची पद्धत कुणी काढली?”

निवृत्तीनं तबक हातात घट्ट धरलं.

“मी काढली,” मी म्हटलं. “आणि आता ती दरवर्षी होणार.”

धडधडीत खोटं! संकल्पात चालत नाही. साहेबांसमोर चालतं.